काटोलच्या संत्र्यातलं चाळीस लिटर पेट्रोल

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या बागेतलं दीडशे ग्रॅमचं एक संत्रं घ्या. त्यात साधारण 130 ग्रॅम पाणी असतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या सुमारे 6,400 अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो, तो ड्युटेरियम. अख्ख्या संत्र्यात तो जेमतेम 4 मिलिग्रॅम भरेल. या 4 मिलिग्रॅमचं पूर्ण संमीलन घडवता आलं, म्हणजे त्यातली अणुकेंद्रं एकमेकांत विलीन करता आली, तर मिळणारी उष्णता सुमारे 40 लिटर पेट्रोल जाळल्याइतकी असेल.

पाण्यातून ड्युटेरियम मिळवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा, म्हणजे ड्युटेरियमयुक्त पाण्याचा, सरकारी कारखानाच आहे. खरी अडचण संमीलन घडवण्याची आहे.

सूर्य हे काम दीड कोटी अंशांवर करतो, आणि तेही फार सावकाश. त्याच्या गाभ्यातला एक घनमीटर भाग जेमतेम 280 वॅट ऊर्जा देतो; तेवढ्यावर घरातले चार पंखे फिरतील. सूर्य तळपतो तो निव्वळ आकाराच्या जोरावर. पृथ्वीवर तेवढी जागा नाही. म्हणून इथे तापमान 15 कोटी अंशांवर न्यावं लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. त्या उष्णतेपुढे कोणत्याही धातूचं भांडं टिकणार नाही. म्हणून हा तापलेला विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरून ठेवायचा.

फ्रान्समध्ये कॅडराशला अनेक देश मिळून उभारत असलेलं ‘इटर’ हे याच कामाचं यंत्र. वजन 23,000 टन, आणि आत एका वेळी इंधन असेल दोन-तीन ग्रॅम! त्याच्या चुंबकांसाठी ओढलेली निओबियम-टिनची तार एक लाख किलोमीटर भरते. पृथ्वीला अडीच वेढे बसतील. ही चुंबकं उणे 269 अंशांवर गोठवायची, आणि त्यांच्यापासून काही मीटरवर 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा. मला या यंत्राची सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

हे सगळं ज्या निर्वात टाकीत बसतं, तो क्रायोस्टॅट भारताने दिला. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे 30 मीटर, वजन 3,850 टन. गुजरातेत हजीऱ्याला एल अँड टीने त्याचे 54 तुकडे घडवले आणि ते जहाजांनी फ्रान्सला गेले. 21 नोव्हेंबर 2006 रोजी पॅरिसमध्ये इटरच्या करारावर भारतातर्फे सही केली ती अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी. बांधणीतला आपला वाटा सुमारे 9 टक्के; त्यातून मिळणाऱ्या ज्ञानावर हक्क मात्र पूर्ण. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने ‘आदित्य’ हा स्वदेशी टोकामॅक, म्हणजे इटरसारखंच चुंबकांनी प्लाझ्मा धरणारं यंत्र, 1989 मध्येच चालवला होता, हे त्या सहीमागचं बळ होतं.

उशीर मोठा आहे, हे मान्यच करायला हवं. 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी सांगितलं होतं की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. इटरच्या 2024 च्या वेळापत्रकानुसार ड्युटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचाच तिप्पट वजनाचा अणू) यांचे पूर्ण प्रयोग 2039 मध्ये सुरू होतील. म्हणजे भाभांच्या भाषणानंतर 84 वर्षांनी. आणि इटरही वीज विकणार नाही. 50 मेगावॅट उष्णता प्लाझ्मात घालून 500 मेगावॅट काढता येते, एवढंच ते दाखवणार आहे. वीजकेंद्र त्याच्या पुढचं. इतकी वर्षं परताव्याविना वाट पाहणं एखाद्या कंपनीला झेपणारं नाही. ते सरकारांनीच करायचं काम आहे.

1,000 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र वर्षाला सुमारे 27 लाख टन कोळसा जाळतं. तेवढ्याच क्षमतेच्या संमीलन केंद्राला ड्युटेरियम आणि ट्रिटियम मिळून लागेल वर्षाला 250 किलो. कोराडी आणि खापरखेड्याची राख सोसणाऱ्या नागपूर जिल्ह्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. म्हणून इथल्याच मतदारांनी आपल्या खासदारांना दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी विचारावं: संमीलनाच्या संशोधनासाठी यंदा किती पैसे ठेवले?