ड्रॉप घेतल्याने मार्क वाढतात का?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की परभणीतल्या कितीतरी घरांत एकच खल सुरू होतो. पोरीला एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यायचा, लातूर-नांदेडला क्लास लावायचा, की मिळेल तिथे प्रवेश घ्यायचा? 'शेजारच्या मुलाचे ऐंशी मार्क वाढले' एवढ्या आधारावर घरची शिल्लक पणाला लागते. मला हे फार लागतं, कारण याहून पक्की कसोटी परभणीतच, कृषी विद्यापीठाच्या रानात, नित्य वापरात आहे.

नवं वाण सरस आहे का हे पाहायचं तर ते जुन्या वाणाच्या शेजारच्याच वाफ्यात पेरतात. जमिनीचा कस सारखा, म्हणून उताऱ्यातला फरक बराचसा वाणाचा. परीक्षेत ही जोडी एकाच विद्यार्थ्याच्या दोन प्रयत्नांची. हुशार-कच्चा हा भेद वजाबाकीतच गळून पडतो. हीच जोडीची टी-चाचणी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटने ती 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली. आपल्याकडे पानसे-सुखात्मे यांच्या 1954 च्या ग्रंथातून शेतीशास्त्राच्या पिढ्या ती शिकल्या.

समजा, पाच मुलांनी पुन्हा परीक्षा दिली. मार्कांतला फरक: 30, 10, उणे 5, 25 आणि 40. सरासरी वाढ 20. छान वाटते ना? पण फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, सुमारे 17.7 येतं. त्याला 5 च्या वर्गमुळाने भागलं की 7.9, आणि 20 भागिले 7.9 म्हणजे टी 2.53. पाच जोड्यांसाठी तक्त्यात, पाच टक्के पातळीवर, 2.78 हवा. म्हणजे ही वाढ निव्वळ योगायोगाचीही असू शकते. हीच सरासरी आणि हेच विचलन दहा मुलांत दिसलं असतं तर टी 3.58 आला असता, आणि तिथे 2.26 पुरतो. उणे 5 वाला मुलगा हिशेबात हवाच. क्लासच्या फलकावर मात्र त्याचा फोटो नसतो.

चाचणी पार झाली तरी एक गोम उरते. पुन्हा बसतात ते बहुधा पहिल्यांदा ज्यांचं काहीतरी बिनसलं ते: कुणाला ताप होता, कुणाचा ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक गोल चुकला आणि पुढचे सगळे घसरले. अशांचे मार्क दुसऱ्यांदा आपसूकच थोडे वर सरकतात. शिवाय पेपर दर वर्षी सारखाच अवघड नसतो. म्हणून क्लासचा गुण जोखायचा तर पहिल्या वेळी तेवढेच मार्क पडलेली, पण घरीच अभ्यास करून पुन्हा बसलेली मुलं शोधावी लागतात, आणि त्यांची वाढ शेजारच्या वाफ्यासारखी बाजूला ठेवून पाहावी लागते.