कॅसेटमधला आवाज : कुठे दणदणाट, कुठे कुजबुज

माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट्स आता पुष्कळ जणींनी खाली काढून पेनड्राइव्हवर नाहीतर हार्डडिस्कवर करून घेतल्या आहेत. बरंच केलं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या, फुनाई या जपानी कंपनीनंही २०१६ साली ते काम थांबवलं. पण या फायली टीव्हीवर लावल्या, की रिमोट हातातून सुटत नाही. बारशाला कोण काय बोलतंय ते कळेना म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच फाइलीत वरातीचा बँड असा दणाणतो की निजलेलं मूल दचकून उठतं!

दोष टीव्हीचा नाही. व्हीएचएस कॅसेटवर साधा आवाज फितीच्या अगदी काठाशी, अरुंद पट्टीत असतो आणि काठच आधी खराब होतो. शिवाय गाण्याच्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, तर व्हीएचएसची जेमतेम २.३४. त्यातून शूटिंगच्या कॅमेऱ्याला आवाज आपोआप कमी-जास्त करायची सवय. बँड आला की तो आवाज दाबतो. सगळे गप्प झाले की वाढवतो, म्हणजे मग पंख्याची घरघर ठळक!

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "वहिनी, लेव्हल केली आहे." बहुतेक वेळा त्यानं केलेलं असतं ते एवढंच, की फाइलीतला सर्वांत मोठा क्षण एका ठराविक मर्यादेला नेऊन ठेवायचा. ते पुरत नाही. आमच्या घरी यजमानांच्या मुंजीची, १९९४ सालची कॅसेट आहे. त्यात मातृभोजनाच्या वेळी आजेसासूबाई चार मिनिटं बोलल्या आहेत. त्यांचा आवाज जगात फक्त तेवढाच उरला आहे. त्याच फाइलीत भिक्षावळीला कोणीतरी फटाक्यांची माळ लावलेली. तो एक फटाका मर्यादेला टेकला की बाकी सारं, आजींसकट, होतं तिथंच राहतं.

कान क्षणाचा आवाज धरत नाही, एकंदर धरतो. म्हणून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं २०१० साली टीव्ही कार्यक्रमांसाठी एकंदर जाणवणाऱ्या आवाजाचं माप घालून दिलं : उणे २३ एलयूएफएस. शांततेचे तुकडे या मोजणीत धरत नाहीत. आपणही सगळ्या फायलींना हेच एक माप लावायचं. आकडा थोडा वेगळा घेतलात तरी बिघडत नाही, फक्त तो सगळीकडे एकच हवा.

ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याला चालतो. त्यात 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' निवडायचं. संगणकात रमणारा भाचा-पुतण्या असेल तर त्याला 'एफएफएमपेगमधलं लाउडनॉर्म, दोन फेऱ्यांत, चित्राला हात न लावता' एवढं सांगा, त्याला कळेल. पहिल्या फेरीत मोजणी होते, दुसरीत बदल. आणि हो, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवायची. काम नेहमी नकलेवर!

मात्र अख्ख्या कॅसेटला एकच माप लावलं तर फटाका आणि आजी पुन्हा एकाच दावणीला. आधी प्रसंगांचे तुकडे पाडा. आमच्या आजींचा तुकडा मोजला तर उणे ३८ भरला. तो १५ डेसिबल वर आणला. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, तेव्हा फरक चांगलाच पडला. पण फितीची सुरसुरही तेवढीच वर आली. ती कमी करायची सोय असते, पण बेतानं. जास्त घासलं तर माणूस पिंपातून बोलल्यासारखा वाटतो. आम्ही थोडी सुरसुर राहू दिली. "पोराला आधी तूप वाढ गं," हे आता स्वयंपाकघरातून ऐकू येतं, आणि सासूबाई ते ऐकायला ताट टाकून बाहेर येतात.

सगळंच एका पट्टीत बसवू नये, असं मला वाटतं. अंगाई बँडपेक्षा हळूच असावी. रिमोट न उचलता दोन्ही ऐकू आलं, की झालं.

ज्यांच्या कॅसेट अजून उतरवायच्या आहेत त्यांनी दुकानात एकच गोष्ट बजावावी : उतरवताना आवाज थोडा कमीच ठेवा. कमी असलेला पुढे वाढवता येतो. मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

आणि लग्नाच्या कॅसेटवर शूटिंगवाल्यानं सिनेमाची गाणी चढवली असतील, तर खालचं बोलणं त्या प्रतीत उरलेलंच नसतं. अशा वेळी त्याच्याकडे, नाहीतर माहेरच्या ट्रंकेत, जोडकाम न केलेली मूळ कॅसेट आहे का ते विचारा. सापडली आणि फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर मात्र ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.