जुन्या फाइलींतील मराठी

आपल्या समाजातील एखाद्या पतसंस्थेचे, वसतिगृहाचे किंवा मंदिराच्या ट्रस्टचे जुने कपाट उघडले, तर पावतीपुस्तके आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एखादी सीडी हमखास हाती लागते. तिच्यावर निळ्या शाईने ‘स्मरणिका, अंतिम प्रूफ’ असे काहीतरी लिहिलेले असते. सीडी चालवणारा संगणक शोधून फाइल उघडली, की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेली परदेशी अक्षरे यांचा काला दिसतो. ‘फाइल खराब झाली’ असे म्हणून सीडी रद्दीत जाते. वस्तुतः बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. हरवलेला असतो तो केवळ फॉन्ट.

हे असे का होते, हे एकदा समजून घेतले की पुढची अर्धी वाट सोपी होते. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. १९९० च्या दशकात कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी येथील छापखान्यांत खिळ्यांच्या जागी डीटीपी आले, तेव्हा संगणकाच्या फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे जागा होत्या आणि त्या इंग्रजीसाठी योजलेल्या होत्या. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली : इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राहिला. फक्त डोळ्यांना तो मराठी दिसू लागला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’ नावाने परिचित असलेले फॉन्ट, हिंदी पट्ट्यातला ‘कृतिदेव’ हे सारे याच वाटेने गेले. आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने चित्रे बसवली. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला तरी वाचता येत नाही. या फॉन्टांना नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. दोन दशके मराठी छपाई त्यांनीच तोलून धरली.

दरम्यान दुसरीकडे प्रमाणीकरणाचे काम चालू होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली तयार झाली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारे केली गेली. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ विभाग २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो. ‘क’ म्हणजे २३२५, आपला ‘ळ’ म्हणजे २३५५; मग तो मजकूर कोल्हापुरात उघडा, बेळगावात उघडा किंवा न्यू जर्सीतल्या मुलाच्या भ्रमणध्वनीवर उघडा. युनिकोडमधील मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो, कोणत्याही फॉन्टमध्ये दिसतो. जुन्या पद्धतीच्या फाइलीत सभासदाचे नाव मराठीत टंकून शोधले, तर संगणक ‘सापडत नाही’ असे सांगतो, आणि त्याच्या परीने खरेच सांगतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. वर्डमध्ये अशी फाइल उघडल्यावर त्या अगम्य मजकुराचा काही भाग निवडावा आणि वरच्या पट्टीतील फॉन्टच्या नावाची चौकट पाहावी. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला तरी चौकटीत त्याचे नाव बहुधा दिसते. ते अंकांसह टिपून ठेवावे. कारण एकाच कंपनीच्या फॉन्टांच्याही निरनिराळ्या आवृत्त्या असतात. मग त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन शोधावे. अशी साधने मोफत मिळतात. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करावेत.

रूपांतर झाले की काम संपले असे समजू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, जशी ती कागदावर डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचे याच्या उलट. ‘धर्म’ लिहिताना जुन्या पद्धतीत ‘म’ नंतर रफार टंकत, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी आणि ‘म’ नंतर. ‘वर्धिनी’सारख्या शब्दात एकाच ‘ध’वर वेलांटी आणि रफार दोन्ही येतात, आणि तेथे रूपांतरकाची खरी कसोटी लागते. शिवाय मजकुरात मधेच इंग्रजीत दिलेला ई-मेलचा पत्ता असेल, तर त्याचेही निरर्थक मराठी होऊन बसते. म्हणून पत्ते, रकमा आणि दूरध्वनी क्रमांक छापील प्रतीशी ताडून पाहावेत. तीच ती चूक वारंवार होत असेल, तर कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबून सर्व ठिकाणी एकदम दुरुस्ती करता येते.

एका अक्षराविषयी येथे थोडे थांबावेसे वाटते. ‘आचार्यांचे’ आणि ‘आचाऱ्यांचे’ या दोन शब्दांत फरक केवळ र-काराचा. पण एकात मुनिसंघाचे आचार्य आहेत आणि दुसऱ्यात पंगतीचा स्वयंपाक करणारे आचारी. निमंत्रणपत्रिकेत ही अदलाबदल झाली, तर यजमानांची काय अवस्था होईल ते सांगायला नको! हिंदीत या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘ऱ्’ची गरज पडत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या अनेक साधनांत तो नीट उमटत नाही. शिवाय तो दोन रीतींनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे. पण आतले क्रमांक वेगळे असल्याने एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधता सापडत नाही. एका संस्थेच्या सर्व कागदपत्रांत एकच रीत ठेवावी हे उत्तम.

ती रीत कोणती, हे इन्स्क्रिप्ट कळफलकाने सोपे केले आहे. शासनाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला हा कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत मराठी जोडली की झाले. विंडोज आणि स्पेसबार ही बटणे एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची रचना आहे. शिफ्ट आणि जे दाबले की नुक्त्याचा ‘ऱ’, मग डी दाबून पाय मोडायचा आणि तिरप्या रेघेच्या बटणावरचा ‘य’ : झाला ‘ऱ्य’. ‘कोल्हापूर’ लिहायला नऊ बटणे पुरतात. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी फोनेटिक कळफलकही आहे, आणि घाईच्या संदेशाला तो पुरेसा आहे. परंतु ज्याला महिन्याला दहा पाने मराठी टंकायची आहेत, अशा कार्यालयीन लेखनिकाने पंधरा दिवस खर्चून इन्स्क्रिप्ट शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘न’ की ‘ण’, ‘श’ की ‘ष’ हे तेथे यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो.

पेजमेकरमधील फाइलींची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्मरणिका आणि वधू-वर सूची यांपैकी पुष्कळशा त्याच्यातच जुळवल्या गेल्या. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि पुढे ते बंदच झाले. ज्या डीटीपी चालकाकडे अजून जुना संगणक आणि तेच फॉन्ट आहेत, त्याच्याकडून आत्ताच त्या फाइलींची पीडीएफ करून घ्यावी. पुढच्या वर्षी तो संगणक असेलच असे नाही. अशा पीडीएफमधील मराठी डोळ्यांनी वाचता येते, परंतु तेथून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तोच काला.

यावर उपाय म्हणजे चित्रावरून अक्षरे ओळखणारी साधने. पीडीएफ किंवा छापील पानाचे छायाचित्र गुगल ड्राइव्हवर चढवावे, त्यावर उजवी टिचकी देऊन ते गुगल डॉक्समध्ये उघडावे; युनिकोडमधील मराठी मजकूर समोर येतो. भ्रमणध्वनीवर हेच काम गुगल लेन्स करते. जुन्या अंकातील लेख, कुलवृत्तांताची पाने, फॉन्टचा पत्ताच न लागलेली स्मरणिका, सर्वांना ही वाट खुली आहे. छायाचित्र खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पान सपाट ठेवून घ्यावे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत यंत्राची गल्लत होते. दोन स्तंभांच्या पानावर ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून वाचन अटळ आहे. याच कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी प्राकृत ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती परस्परांशी ताडून संपादनाचा जो दंडक घातला, त्याचा अंशमात्र आपण घरच्या चार पानांसाठी पाळायला हरकत नाही.

हस्ताक्षरातील मजकूर मात्र यंत्राला अजून फारसा पेलत नाही. आजीने वहीत उतरून ठेवलेली स्तवने, पाककृती, आठवणी यांसाठी बोलून टंकन करण्याची सोय वापरावी. क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधील व्हॉइस टायपिंग सुरू करावे, भाषा मराठी निवडावी आणि वही शांतपणे वाचावी. विरामचिन्हे आपण घालावी लागतात, आणि ‘सम्यक्त्व’, ‘सामायिक’ असे शब्द तपासावे लागतात. शक्य असल्यास वाचनाचे काम आजींनाच सांगावे आणि शेजारी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रणही चालू ठेवावे.

एवढे श्रम करून तयार झालेला मजकूर एकाच संगणकावर ठेवणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने काय केले, ते शाहूपुरीपासून शिरोळ तालुक्यातील गावांपर्यंत सर्वांनी पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. तळमजल्यावरच्या कार्यालयात संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर असतो, आणि पाणी आले की सर्वांत आधी तोच बुडतो. प्रती काढून ठेवलेली डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर तिचा उपयोग शून्य. छायाचित्रकारांत रूढ झालेला एक नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आपल्यापुरते सांगायचे तर एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक पुण्यातल्या मुलीकडे किंवा गुगल ड्राइव्हवर. ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत मिळते. मात्र ई-मेल आणि छायाचित्रे त्याच जागेत येतात. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नव्हे. डिस्क भिजलीच, तर ‘चालते का पाहू’ म्हणून वीज जोडू नये. तशीच जाणकाराकडे न्यावी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून जुनी छायाचित्रे पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत, अन्यथा त्यांचा तपशील कमी होतो. लिहिण्यासाठी वर्ड विकत घेणे परवडत नसेल, तर लिब्रे ऑफिस मोफत आहे आणि मराठी उत्तम हाताळते. ‘मुक्त’, ‘यशोमुद्रा’ हे युनिकोड फॉन्टही विनामूल्य आहेत. चोरीच्या प्रतीतील श्रीलिपी किंवा पेजमेकर कोठूनतरी उतरवून घेऊ नये. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण अशा फाइलींबरोबर येणारा व्हायरस संस्थेचे हिशेबही घेऊन जातो. त्याच कारणाने सभासदांची खाती, आधार क्रमांक असलेल्या याद्या रूपांतरासाठी अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नयेत. तेथे संगणकावर चालणारे साधन वापरावे, किंवा यादी सरळ पुन्हा टंकावी. आणि कोणी बँकेच्या नावाने फसवून पैसे काढलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

फाइलींना नावे देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय असा क्रम ठेवावा. यादी आपोआप कालानुक्रमे लागते. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘खरे अंतिम’ अशी नावे टाळावीत. एका कागदावर कोणत्या प्रती कोठे आहेत आणि शेवटची प्रत कधी काढली, ते लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. पासवर्ड त्या कागदावर लिहू नये. तो लिहून बंद पाकिटात संस्थेच्या दोन विश्वस्तांकडे, आणि घरचा असेल तर पती-पत्नी दोघांकडे असावा.