कॉम्रेड मोरे : महाडच्या मातीतला पत्रकार-पुढारी

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून नात्याचा अभिमान साऱ्या तालुक्याला आहे आणि तो रास्तच आहे. पण याच तालुक्यातल्या लाडवलीत 1903 साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे आज किती जणांना आठवतात?

वर्तमानपत्रातून राजकारणात येण्याची वाट या भागात जुनी. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर ‘दीनबंधु’, ‘सुधारक’ यांत अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत. 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, ती वरच्या जातींच्या सभासदांना सहन झाली नाही.

मोऱ्यांचा प्रारंभही पत्रापासूनच झाला. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. त्या कोवळ्या वयात त्यांनी दाद मागितली, हकिगत वर्तमानपत्रात छापून आली आणि शाळेला माघार घ्यावी लागली. बसायची जागा मात्र वर्गाबाहेरच मिळाली.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा 1923 चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा 1924 चा ठराव होऊनही चवदार तळे कागदावरच खुले होते. बाबासाहेबांना महाडला आणायचेच, हा ध्यास मोऱ्यांनी घेतला. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांची साथ मिळाली. 19 आणि 20 मार्च 1927 च्या परिषदेमागे या तरुणाची अनेक महिन्यांची धडपड होती. त्यानंतर पंधरवड्यातच, 3 एप्रिलला, बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला.

पुढे 1930 मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले, मुंबईच्या कामगारांत राहिले, त्यांच्यासाठी ‘आव्हान’ साप्ताहिक चालवले. वाट बदलली, तरी बाबासाहेबांविषयीचा आदर तसाच राहिला. 1953 मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी पक्षनेतृत्वाला सविस्तर टिपण धाडले. वर्गलढ्यात जात आपोआप विरून जाईल, असे मानणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना हे लिहून देणे, हे मला त्यांच्या सर्व लेखनातले सर्वांत धैर्याचे काम वाटते.

पक्ष फुटल्यावर मार्क्सवाद्यांचे ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक त्यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले, 14 एप्रिल 1965 रोजी, आंबेडकर जयंतीला. 1972 मध्ये मोरे गेले. त्यांचे अपुरे आत्मकथन आणि मुलाने लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक वाचनालयाने ते मागवावे आणि शाळेतल्या मुलांना वाचायला द्यावे.