शुगरचं ऑपरेशन: खर्च की बचत?

पावसाळ्यात खोपोली लोकलने पळसदरीला उतरायचं आणि धबधबा गाठायचा, हा आमच्या ग्रुपचा नेम. यंदा एक मित्र स्टेशनवरच बसून राहिला. वय ३४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ९६ किलो. चार वर्षांचा डायबिटिस, गोळ्या वाढतायत, शुगर मात्र हटत नाही! डॉक्टरांनी बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी सुचवलीय. पठ्ठ्याने लॅपटॉपवर हिशेबच मांडला: एकीकडे ऑपरेशन आणि नंतरची जन्मभराची व्हिटॅमिन्स, तपासण्या; दुसरीकडे पुढच्या तीस वर्षांच्या गोळ्या, स्ट्रिप्स, कदाचित इन्सुलिन. किडनी, डोळे यांचा कॉलम त्याने कोराच ठेवला.

अमेरिकेतल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनी (२०१७) एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आलेले बायपासवाले २९ टक्के, स्लीव्हवाले २३, नुसत्या औषधांवरचे ५. म्हणजे हमखास सुटका नाहीच. पण डायबिटिस जितका नवा, तितकी ती जाण्याची शक्यता जास्त. पैसे वसूल होतात ते लवकर केलं तरच.

आणि नेमकी इथेच गोची आहे. औषधांनीही शुगर आटोक्यात नसेल, तर आशियाई पेशंटना ३२.५ बीएमआयपासून सर्जरीची शिफारस २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्या विमा नियामकाने २०१९मध्ये ठरवून दिलेल्या कलमात मात्र अशा पेशंटसाठी आकडा आहे ३५. मित्राचा बीएमआय ३३! क्लेमसाठी आता त्याने आणखी सहा किलो वाढवायचे?