विश्लेषण : पायात काटा रुतला तरी कळत नाही, असे का होते?

मोबाइल थरथरला, तव्याला बोट लागले, पायात काटा रुतला. तिन्ही गोष्टी त्वचेला कळतात; पण त्या टिपणारी चेतातंतूंची टोके वेगवेगळी असतात. ही टोके निकामी झाली तर काय होते, हे मधुमेहींच्या पायांवरून दिसते.

टोकांचे प्रकार कोणते?
सूक्ष्मदर्शकाखाली काही टोके आवरणात गुंडाळलेली, तर काही उघडी दिसतात. बोटांच्या टोकाशी, बाह्यत्वचेच्या लगेच खाली असलेली माइस्नर कणिका हलका, सरकता स्पर्श टिपते. मर्केल पेशींना बिलगलेली टोके कडा आणि उंचवटे ओळखतात. ब्रेल वाचताना ती कामी येतात. सर्वांत खोल असते पॅसिनी कणिका. सुमारे १ मिलिमीटर लांब आणि कांद्यासारखे पापुद्रे असलेली. हे पापुद्रे स्थिर दाब शोषून घेतात, थरथर मात्र आत पोहोचू देतात.

वेदना कोण कळवते?
उघडी टोके. त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाची प्रथिनाची झडप असते. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेले की ती उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. मिरचीतील कॅप्सेसिन हीच झडप उघडते, म्हणून तिखटाने तोंड भाजल्यासारखे वाटते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना, तर दाब ओळखणाऱ्या पिएझो झडपांसाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

मधुमेहात काय बिघडते?
दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे चेतातंतू झिजतात. सर्वांत लांब तंतूंना आधी फटका बसतो, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. चप्पलेतला खडा टोचत नाही, जखम लक्षात येत नाही, ती चिघळते आणि कधी पाय कापण्याची वेळ येते.

तपासणी कशी होते?
१० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, ते पाहतात. चेतावहनाची नेहमीची चाचणी जाड तंतूंचीच असते. त्यामुळे जळजळ असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. अशा वेळी घोट्याजवळील त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा घेऊन उघडी टोके मोजतात.

काळजी कोणती?
रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. अनवाणी चालू नये. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने तपासावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. दुखत नसले तरीही.