नदीचे तीर्थ, शहराचे सांडपाणी आणि समुद्र



निपाणी-बेळगाव परिसरातील अनेक कुटुंबे पौर्णिमेस व दत्तजयंतीस नृसिंहवाडीस जातात, संगमावर स्नान करतात व तीर्थ घरी आणतात. डोळ्यांस निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

वाडीस कृष्णेला मिळणारी पंचगंगा कोल्हापूर व इचलकरंजीकडून येते. पुढे कृष्णा बेळगाव जिल्ह्यात शिरते. आपली वेदगंगा दूधगंगेस व दूधगंगा कृष्णेस मिळते आणि हे सारे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. खानापूर तालुक्यातील म्हादई मात्र मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. सीमाभागाचे पाणी असे दोन्ही समुद्रांस पोहोचते.

सांडपाण्यातील घाण जीवाणू खातात व त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात. हे कार्य नदीत घडले तर मासे गुदमरून मरतात. शुद्धीकरण केंद्रात तेच कार्य टाक्यांत करवून घेतात. प्रथम जाळ्यांनी कचरा व नंतर वाळू अडवितात. मग हवा सोडून जीवाणू वाढवितात. गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी क्लोरीन देऊन सोडतात. कोल्हापुरात कसबा बावडा येथील केंद्राची क्षमता प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटर, तर दुधाळीची १७ दशलक्ष लिटर आहे. परंतु नाला केंद्रापर्यंत वळविला नाही किंवा पंप बंद पडले, तर सांडपाणी तसेच नदीत जाते.

स्नानयोग्य नदीजलात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. विष्ठाजन्य जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट, तर २,५०० ही कमाल मर्यादा होय. समुद्रस्नानासाठी हाच आकडा १०० आहे. खाडीतील तिसऱ्या व कालवे पाणी गाळून अन्न घेतात. त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्यात साठतात व खाणाऱ्यांस बाधतात.

इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली व काहींचे प्राण गेले. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदर स्त्रियांस विशेष घातक असतो. तेव्हा भाविकांस आमची विनंती अशी:

१. नदीचे तीर्थ प्राशन करावयाचे झाल्यास उकळून, निववून घ्यावे. त्याने पावित्र्य उणे होत नाही. मात्र उकळण्याने रोगजंतू मरतात. रसायने जात नाहीत. म्हणून शहराच्या नाल्याजवळचे पाणी घेऊच नये.

२. निर्माल्य, प्लास्टिक व तेलाच्या पणत्या नदीत सोडू नयेत. निर्माल्याचे खत करावे.

३. घाटावर साबण लावून स्नान वा कपडे धुणे टाळावे.

४. गावचे सांडपाणी कोठे जाते, याची विचारणा ग्रामपंचायतीत अथवा नगरपालिकेत अवश्य करावी.

आपण वापरून सोडलेले पाणी खालच्या गावी कोणाच्या तरी ओंजळीत जाते, याचे स्मरण ठेवावे, ही नम्र प्रार्थना.